स्थितिस्थापक संस्कार आणि सरळ दातांचा आदर्श

वैशेषिक दर्शनात गुण हा एक स्वतंत्र पदार्थ, म्हणजे जगाच्या वर्गीकरणातील एक मूलभूत कोटी, मानला आहे. या दर्शनाचा भाष्यकार प्रशस्तपाद याने गुणांची संख्या चोवीसपर्यंत नेली आणि त्यांतील संस्कार नावाच्या गुणाचे वेग, भावना व स्थितिस्थापक असे तीन भेद सांगितले. वेग म्हणजे सुटलेल्या बाणाला पुढे नेत राहणारा गुण, आणि भावना म्हणजे अनुभवानंतर आत्म्यात उरून पुढे स्मरण घडवून आणणारा ठसा. स्थितिस्थापक हा गुण वाकवलेल्या, गुंडाळलेल्या किंवा अन्य रीतीने बदललेल्या वस्तूला तिच्या आधीच्या अवस्थेत परत नेतो. प्रशस्तपादाने या तिसऱ्या भेदाची जी उदाहरणे दिली आहेत त्यांत धनुष्य, झाडाची फांदी, शिंग, हाड, सूत आणि वस्त्र यांच्या सोबत दातही आहे. तेथे त्याच्या मनात बहुधा हस्तिदंत असावा. तरीही मनाची स्मृती आणि पदार्थाची लवचीकता यांना एकाच गुणाची भावंडे ठरवणारी ही मांडणी वाकडे दात सरळ करण्याच्या आधुनिक विद्येला, म्हणजे ऑर्थोडॉन्टिक्सला, चमत्कारिक वाटावी इतकी लागू पडते. या विद्येचे सारे साहित्य वस्तूच्या परत जाण्याच्या ओढीवर चालते आणि तिचे बहुतेक अपयशही त्याच ओढीच्या खात्यावर लिहिले जाते.

उपचाराची यंत्रणा थोडक्यात अशी आहे. प्रत्येक दातावर ब्रॅकेट नावाची खाच असलेली छोटी पट्टी चिकटवतात आणि या सर्व खाचांमधून कमानीच्या आकाराची एक तार ओवतात. दात रांगेत नसल्यामुळे तारेला वाकावे लागते, वाकलेली तार मूळ कमानीकडे परतू पाहते आणि परतताना दातांना सोबत ओढते. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसून सुमारे पाव मिलिमीटर जाडीच्या तंतुमय थराने, ज्याला पेरिओडॉन्टल लिगामेंट म्हणतात, हाडाला बांधलेला असतो. ज्या बाजूला हा थर दाबला जातो तेथील हाड शरीर स्वतःच झिजवते आणि ज्या बाजूला तो ताणला जातो तेथे नवे हाड घालते. कार्ल सँडस्टेट या स्वीडिश संशोधकाने १९०४-०५ मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून ही प्रक्रिया सूक्ष्मदर्शकाखाली दाखवली. दात सर्वसाधारणपणे महिन्याला एक मिलिमीटरच्या आसपास सरकतो, आणि जोर वाढवला तर वेग त्या प्रमाणात न वाढता उलट दाबलेल्या थराचा रक्तपुरवठा तुटून गती खुंटते. म्हणूनच जोर हलका असावा आणि तो दीर्घकाळ टिकावा ही या शास्त्राची जुनी मागणी आहे.

गेल्या शंभर वर्षांतील तारांचे संशोधन ही मागणी पुरवण्याच्या धडपडीतून झाले. विसाव्या शतकाच्या आरंभी सोन्याच्या मिश्रधातूच्या तारा वापरात होत्या. येथे एक शास्त्रीय गंमत नोंदवण्यासारखी आहे. न्याय-वैशेषिक परंपरेतील अन्नंभट्टाच्या ‘तर्कसंग्रहा’नुसार स्थितिस्थापक संस्कार केवळ पार्थिव द्रव्यात राहतो आणि सोने तर तैजस, म्हणजे तेज या द्रव्याचे, मानले आहे, तेव्हा सोन्याच्या तारेने दात हलणे नैयायिकाला अडचणीचे ठरले असते. सोन्यातील पिवळेपणा व जडपणा त्यात मिसळलेल्या पार्थिव भागाचा आहे असे परंपरेनेच सांगून ठेवल्यामुळे एवढी एक वाट मात्र मोकळी राहते. १९३० नंतरच्या दशकांत सोन्याची जागा स्टेनलेस स्टीलने घेतली, कारण ते स्वस्त, मजबूत आणि तोंडातील ओलाव्यात टिकणारे होते. पण स्टीलचा ताठपणा फार असल्याने तार थोडी वाकवली तरी जोर मोठा पडतो आणि दात जरासा सरकताच तो झपाट्याने ओसरतो.

अमेरिकी नौदलाच्या नेव्हल ऑर्डनन्स लॅबोरेटरीत विल्यम ब्यूलर यांच्या संशोधनातून निकेल आणि टायटॅनियम यांचा एक मिश्रधातू पुढे आला आणि दोन्ही धातूंची व प्रयोगशाळेची आद्याक्षरे जोडून त्याला नायटिनॉल हे नाव पडले. या धातूला आकाराची स्मृती असते असे धातुशास्त्रज्ञ म्हणतात. उष्णता देऊन ठरवलेला आकार थंड स्थितीत मोडला आणि पुन्हा ऊब दिली की अणूंची मांडणी एका रचनेतून दुसऱ्या रचनेत जाते व पहिला आकार परत येतो. आयोवा विद्यापीठातील जॉर्ज अँड्रीसन यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी हा धातू दातांच्या तारेसाठी आणला. त्यांची पहिली व्यापारी तार मात्र थंड अवस्थेत ओढून इतकी कठीण केलेली होती की स्मृतीचा गुण तिच्यात दबून गेला होता; उपयोग झाला तो तिच्या कमी ताठपणाचा, जो स्टीलच्या सुमारे पाचव्या हिश्श्याइतका असतो. १९८० च्या दशकाच्या मध्यास चिनी आणि जपानी बनावटीच्या अतिलवचीक तारा आल्या तेव्हा दात बराच सरकला तरी जवळजवळ तेवढाच जोर देत राहणारी तार खऱ्या अर्थाने मिळाली. चार्ल्स बर्स्टोन यांनी त्याआधीच बीटा-टायटॅनियमची मधल्या ताठपणाची तार पुढे आणली होती. तारेची जाडी बदलण्याऐवजी धातू बदलून जोर नियंत्रित करावा, हा त्यांचा विचार तत्त्वतः एकच गोष्ट सांगत होता. परत जाण्याची ओढ ही वस्तूच्या आकारापेक्षा तिच्या द्रव्यात असते, आणि ती हवी तेवढी घडवता येते.

परंतु ओढ कितीही सुबक घडवली तरी ती कोणत्या स्थितीकडे असावी हे द्रव्य सांगत नाही. नायटिनॉलच्या तारेला कारखान्यातील भट्टीत जो आकार शिकवला जातो त्याच्याकडे ती परतते. तो आकार कोणत्या माणसाच्या जबड्याचा आहे, सुंदर आहे की कुरूप, याच्याशी तिला कर्तव्य नसते. या टप्प्यावर साहित्याच्या शास्त्राची हद्द संपते आणि दातांची योग्य स्थिती म्हणजे काय, ती कोणी ठरवायची, हा दार्शनिक प्रश्न सुरू होतो. या विद्येच्या इतिहासात त्याला एकामागून एक उत्तरे मिळाली आणि त्यांतील प्रत्येकाने आपण निसर्गाच्या वतीने बोलत असल्याचा दावा केला.

आधुनिक ऑर्थोडॉन्टिक्सचे जनक मानले जाणारे एडवर्ड अँगल (१८५५–१९३०) यांचे उत्तर जवळजवळ धार्मिक स्वरूपाचे होते. १८९९ मध्ये त्यांनी वरच्या पहिल्या कायमच्या दाढेला प्रमाण मानून दातांच्या विषम जुळणीचे तीन वर्ग केले, आणि पूर्ण बत्तीस दात आपापल्या जागी बसले की चेहराही आपोआप सुसंवादी होतो असा सिद्धांत मांडला. चेहऱ्याच्या आदर्शासाठी त्यांनी अपोलोच्या प्राचीन शिल्पाकडे बोट दाखवले. निरोगी दात उपटून जागा करणे हा त्यांच्या दृष्टीने निर्मात्याच्या आराखड्यात ढवळाढवळ करण्याचा प्रकार होता. कॅल्विन केस यांनी याला विरोध केला. काही जबड्यांत सर्व दात रांगेत बसवले की ओठ पुढे येतात, म्हणून निवडक रुग्णांत उपदाढा, म्हणजे सुळ्यामागचे छोटे दात, काढणेच योग्य ठरते असे त्यांचे मत होते. १९११ मध्ये अमेरिकी दंतवैद्यांपुढे या प्रश्नावर झालेला वाद वाचताना शास्त्रार्थाचीच आठवण होते, कारण दोन्ही पक्षांची मदार मोजमापांपेक्षा मानवाची मूळ रचना कशी आहे या श्रद्धेवर अधिक होती. तत्काळ विजय अँगलपंथीयांचा झाला. मग १९४० च्या सुमारास अँगल यांचेच निष्ठावंत शिष्य चार्ल्स ट्वीड यांनी आपल्या जुन्या रुग्णांची तपासणी करून, दात न काढता केलेले अनेक उपचार टिकले नाहीत असे जाहीर केले, त्यांतील कित्येकांवर चार उपदाढा काढून पुन्हा उपचार केले, आणि पारडे फिरले.

ऑस्ट्रेलियातील अ‍ॅडलेडचे रेमंड बेग हेही अँगल यांचे शिष्य होते, आणि त्यांचा युक्तिवाद तत्त्वज्ञानाच्या अभ्यासकाने सावकाश पाहावा असा आहे. ऑस्ट्रेलियाच्या आदिवासींच्या कवट्या तपासताना त्यांना दिसले की भरड, वाळूमिश्रित अन्नामुळे दातांचा केवळ वरचा पृष्ठभागच झिजत नाही, तर शेजारच्या दातांना टेकणाऱ्या बाजूही झिजतात आणि त्यामुळे सबंध रांगेची लांबी आयुष्यभर कमी होत जाते. १९५४ च्या लेखात त्यांनी निष्कर्ष काढला की झीज हीच मानवी दातांची स्वाभाविक अवस्था आहे. मऊ अन्न खाणाऱ्या आधुनिक माणसाचे दात झिजत नाहीत म्हणून त्यांची दाटी होते, आणि म्हणून उपदाढा काढणे म्हणजे निसर्गाने जे केले असते तेच वैद्याने करणे होय. ज्या निसर्गाचा हवाला देऊन गुरूने दात काढणे निषिद्ध ठरवले त्याच निसर्गाचा हवाला देऊन शिष्याने ते विहित ठरवले. बेग यांची निरीक्षणे खरी मानली तरी त्यांतून विधी निघत नाही. झिजलेला दात ही अश्मयुगाची वस्तुस्थिती असेल, पण ती आजच्या मुलाच्या तोंडाचे कर्तव्य कशी होते, याचे उत्तर कवटीत सापडत नाही. मीमांसकांनी वस्तू कशी आहे हे सांगणारे वाक्य आणि काय करावे हे सांगणारे वाक्य यांत जो भेद केला, तोच येथे ओलांडला गेला.

पुढच्या पिढीने श्रद्धेऐवजी मोजणीची वाट धरली. लॉरेन्स अँड्र्यूज यांनी कधीही उपचार न घेतलेल्या आणि उत्कृष्ट दंतरचना असलेल्या १२० व्यक्तींचे दातांचे साचे अभ्यासून १९७२ मध्ये सहा लक्षणे प्रसिद्ध केली, आणि दातांचे ते कल ब्रॅकेटच्या खाचेतच कोरून ठेवले, जेणेकरून सरळ तार घातली की दात त्या आदर्शाकडे आपोआप जावेत. आदर्श आता ग्रंथातून उतरून धातूत बसला आणि जगभरच्या दवाखान्यांत पोहोचला. मात्र ते १२० साचे निवडताना उत्कृष्ट कशाला म्हणायचे हे आधीच ठरलेले होते. निवडीत घातलेला निकष निष्कर्षात परत मिळाला तर त्याला शोध म्हणता येत नाही. ब्रिटनमध्ये ब्रुक आणि शॉ यांनी १९८९ मध्ये उपचाराची गरज मोजणारा निर्देशांक तयार केला, त्यात आरोग्याच्या बाजूचे पाच दर्जे आणि दिसण्याच्या बाजूची दहा छायाचित्रांची श्रेणी आहे. ही रचना अधिक प्रामाणिक म्हणावी लागते, कारण आरोग्य आणि सौंदर्य या दोन वेगळ्या मागण्या आहेत हे तिने लपवले नाही आणि सार्वजनिक पैसा कोठे खर्च करावा हा व्यवहारी प्रश्न समोर ठेवला.

फलितांच्या संशोधनाने, म्हणजे उपचारानंतर प्रत्यक्ष काय हाती लागले हे तपासणाऱ्या अभ्यासांनी, साहित्याच्या गौरवगाथेला चांगलीच कात्री लावली. तार स्वतःच्याच झाकणाने धरून ठेवणारे ब्रॅकेट घर्षण कमी करतात, म्हणून उपचार लवकर संपतो आणि दुखतेही कमी, असा प्रचार होता. यादृच्छिक चाचण्यांत, म्हणजे कोणत्या रुग्णाला कोणते साधन मिळावे हे चिठ्ठीवर सोडणाऱ्या प्रयोगांत, एकूण काळात लक्षणीय बचत दिसली नाही. सुरुवातीच्या तारेचा कोणता धातू दात लवकर रांगेत आणतो यावरचे पुरावेही एकत्र केले असता प्रयोगशाळेतील मोठे फरक रुग्णाच्या तोंडात फिके पडतात. वरचे दात फार पुढे असलेल्या मुलांवर लहानपणी एक आणि किशोरवयात दुसरा असे दोन टप्प्यांचे उपचार करावेत की एकदाच करावेत, याच्या अमेरिका व ब्रिटनमधील चाचण्यांनी अंतिम रचनेत विशेष फरक नसल्याचे दाखवले. पुढच्या दातांना इजा होण्याचे प्रमाण घटणे एवढा लाभ लवकरच्या उपचाराच्या पदरात उरला. ताठपणा, घर्षण, जोर हे सारे तारेचे गुण आहेत. दात मात्र जिवंत हाडाच्या गतीने चालतो आणि ती गती धातू बदलून फारशी बदलत नाही.

सरळ दातांपासून माणसाला नेमके काय मिळते, हा प्रश्न याहून खोल आहे. वेल्समधील कार्डिफ येथे १९८१ मध्ये अकरा-बारा वर्षांच्या १,०१८ मुलांपासून सुरू झालेल्या अभ्यासात वीस वर्षांनी ३३७ जणांची पुन्हा तपासणी झाली. ज्यांनी उपचार घेतले होते त्यांचे दात अधिक सुबक होते आणि त्यांबद्दल ते अधिक समाधानीही होते. पण लहानपणीच्या मनःस्थितीतील फरक हिशेबात घेतल्यावर प्रौढपणीच्या आत्मसन्मानावर उपचाराचा प्रभाव अगदी थोडा आढळला, आणि गरज असून उपचार न मिळाल्याने पुढे मानसिक त्रास झाला असेही दिसले नाही. भारतीय वाचकाला येथे अष्टावक्राची कथा आठवणे साहजिक आहे. आठ ठिकाणी वाकडे शरीर घेऊन जन्मलेला हा ऋषी पुढच्या वेदान्ती परंपरेत देह आणि आत्मा यांच्या भेदाचा दाखला झाला. परंतु महाभारताच्या वनपर्वात कथा तेवढ्यावर थांबत नाही. जनकाच्या यज्ञात बंदी नावाच्या पंडिताला हरवून आणि त्या पंडितामुळे बुडवल्या गेलेल्या पित्याला परत मिळवून अष्टावक्र घरी आल्यावर पिता त्याला समंगा नदीत उतरण्यास सांगतो आणि नदीतून तो सरळ अंगांचा होऊन बाहेर येतो. वेदान्त्याला हा शेवट अनावश्यक वाटेल. तरी महाभारतकाराने दोन गोष्टी एकत्र ठेवल्या आहेत: वाद जिंकण्यासाठी सरळ अंगाची गरज पडली नाही, आणि तरीही पित्याला मुलाचे अंग सरळ व्हावेसे वाटले. देहाला नगण्य मानणारा संन्यासी आणि देहावर सारा आत्मसन्मान टांगणारी जाहिरात या दोघांपेक्षा ही दृष्टी कार्डिफच्या निष्कर्षाशी अधिक जुळते. सुबकतेचे समाधान खरे आहे, फक्त त्याच्याकडून व्यक्तिमत्त्व घडवण्याची अपेक्षा धरता येत नाही.

आता परतीचा प्रश्न. उपचार संपून तारा काढल्यावर दात पुन्हा सरकतात, याला रिलॅप्स म्हणतात, आणि त्याचे प्रचलित स्पष्टीकरण हुबेहूब स्थितिस्थापकाचे आहे. नॉर्वेचे कोरे रायटन यांनी कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवले की मुळाभोवतीचे तंतू काही महिन्यांत नव्या जागेशी जुळवून घेतात, पण हिरडीतील तंतू त्याहून कितीतरी अधिक काळ, एका प्रयोगात २३२ दिवसांनंतरही, ताणलेलेच राहतात आणि वळवलेल्या दाताला मागे खेचतात. १९७० मध्ये जॉन एडवर्ड्स यांनी दाताच्या मानेभोवती सुरीने हे तंतू कापण्याची पद्धत मांडली. तिने दाताचे उलटे फिरणे कमी होते, थांबत मात्र नाही.

सिएटलमधील वॉशिंग्टन विद्यापीठाच्या दीर्घ अभ्यासाने या स्पष्टीकरणाची मर्यादा उघड केली. रॉबर्ट लिटल आणि सहकाऱ्यांनी उपदाढा काढून उपचार केलेल्या रुग्णांचे खालचे पुढचे दात तपासले, तेव्हा दहा वर्षांनी तीस टक्क्यांहून कमी आणि वीस वर्षांनी सुमारे दहा टक्के रुग्णांत रांग समाधानकारक उरली होती. याहून महत्त्वाचे हे की कोणाची रांग बिघडेल हे आधीच्या कोणत्याही मोजमापावरून सांगता आले नाही. मूळचा वर्ग, मूळची दाटी, वय, लिंग, उपचाराचा काळ यांपैकी काहीही भरवशाचे ठरले नाही. त्याच विद्यापीठात कधीच उपचार न घेतलेल्या सुस्थित जबड्यांचा अभ्यास झाला तेव्हा त्यांच्याही खालच्या कमानीची लांबी वयाबरोबर घटत असल्याचे आढळले. म्हणजे बिघडलेले दात दरवेळी जुन्या घरी परतत नव्हते. ते वयानुसार चाललेल्या एका सरकत्या वाटेवर होते आणि उपचाराने त्या वाटेवरचा एक मुक्काम बदलला होता. स्थितिस्थापकाच्या कल्पनेला जी आधीची अवस्था गृहीत धरावी लागते तीच जिवंत शरीरात ठाम नसते. वस्तू टिकून राहते व तिचे गुण येतात-जातात हे नैयायिकांचे मत. टिकणारी वस्तूच नाही, क्षणांची परंपरा आहे, हे बौद्धांचे. द्रव्य तेच राहून अखंड परिणाम पावते हे सांख्यांचे. दातांच्या बाबतीत सांख्यांची बाजू सर्वांत कमी ताण देऊन पुराव्याशी बसते. त्याचा परिणाम आदर्शाच्या चर्चेवरही होतो, कारण ज्याला मूळ स्थिती म्हणून ओळखता येईल असा एकही क्षण नसेल, तर मूळ स्थिती पुनःस्थापित करतो म्हणणारा उपचार खरे तर एका निवडलेल्या वयाच्या, निवडलेल्या रूपाची राखण करत असतो.

राखणीचे साधन म्हणजे रिटेनर: रात्री घालायची पट्टी किंवा पुढच्या दातांच्या आतल्या बाजूस चिकटवलेली बारीक तार. सिएटलच्या निष्कर्षांनंतर ती काही वर्षे नव्हे तर आयुष्यभर वापरावी असा सल्ला रूढ होत गेला. पतंजलीने अभ्यासाची व्याख्या स्थितीत राहण्याचा प्रयत्न अशी केली आणि तो दीर्घकाळ, खंड न पडता, आदराने केला तरच दृढ होतो असे म्हटले. तेथे स्थिती चित्ताची आहे, पण स्थिरता एकदा मिळवून ठेवण्याची वस्तू नाही ही समजूत दोन्हीकडे सारखीच आहे. फरक पडतो तो निवडीत. योगी अभ्यास स्वतः पत्करतो; दातांच्या उपचाराचा निर्णय बहुधा बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी पालक घेतात, आणि त्याने जन्मभर पाळायचे व्रत ठरते ते त्याच्या संमतीचे वय येण्यापूर्वी. दोन वर्षांचा उपचार एवढेच सांगून सुरू केलेल्या कामाला पुढे पन्नास वर्षांची शेपटी असेल, तर पहिल्या भेटीतच ती सांगणे ही सौजन्याची बाब नसून संमतीची अट आहे.

चिकटवलेली तार हा या राखणीतील सर्वांत निश्चिंत उपाय समजला जातो, कारण त्यात रुग्णाच्या नियमितपणावर विसंबावे लागत नाही. तथापि गेल्या काही दशकांत अशा तारेमागे असलेल्या दातांचे विपरीत कलणे, क्वचित मूळ हाडाबाहेर ढकलले जाण्याइतके, नोंदवले गेले आहे. तार सुटलेली किंवा तुटलेली नसतानाही हे घडते. पीळदार तार चिकटवताना किंचित ताणली गेली, अथवा चावण्याच्या जोराने पुढे वाकली, की तिच्यात परतण्याची ओढ साठते आणि ती दातांना वर्षानुवर्षे, कुणाच्या लक्षात न येता, एका नव्या दिशेने हलवत राहते. म्हणून दात धरून ठेवण्यासाठीच बसवलेल्या या तारेचीही ठराविक मुदतीने तपासणी करावी लागते.